विल्यमचा गोतावळा

प्रश्न पुण्याहून आला आहे. थोडक्यात असा: मुलगा आणि सून न्यूझीलंडमध्ये न्यू प्लिमथला राहतात. सून तिथलीच, इंग्रज वंशाची. नऊ वर्षांच्या नातवाला शाळेत ‘पेपेहा’ म्हणायला शिकवलंय. ही माओरी रीतीने आपली ओळख सांगण्याची पद्धत आहे: माझा डोंगर हा, माझी नदी ही, माझे पूर्वज या होडीतून आले. वडिलांकडची वंशावळ आजींनी त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीतून उतरवून दिली. आईकडची मात्र पाच नावांवर अडली आहे. घरात एवढंच सांगतात, की मूळपुरुष विल्यम इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातून ‘पहिल्या जहाजाने’ १८४१ साली आला आणि त्याने जंगल तोडून शेत काढलं. त्याच्या मागे कोण, हे कसं शोधायचं, आणि डीएनए चाचणीचा उपयोग होईल का?

काकू, गेली बावीस वर्षं मी वेलिंग्टनला हेच काम करते आहे, आणि तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. सुनेच्या माहेरची मुळं शोधायला सासूबाई बसतात, हे मी पहिल्यांदाच पाहते आहे.

आधी एक मनात पक्कं करा. त्र्यंबकेश्वरला गुरुजींनी वही उघडली तेव्हा तुम्ही फक्त आडनाव सांगितलं नसणार. गाव सांगितलं, आजोबांचं नाव सांगितलं, पूर्वी कोण येऊन सही करून गेलं ते सांगितलं, आणि मग पान सापडलं. इंग्लंडमध्येही तसंच आहे. एकोणिसाव्या शतकात तिथल्या खेड्यांत विल्यम, जॉन आणि थॉमस एवढी तीन नावं घेतली तरी निम्मं गाव वळून पाहील. नाव जुळलं म्हणजे माणूस सापडला असं होत नाही. त्याची बायको, तिचं माहेरचं नाव, सोबत आलेला मेव्हणा, लग्नाला साक्षीदार राहिलेला शेजारी, मुलांना दिलेली नावं, असा सगळा गोतावळा जुळला पाहिजे. माझ्या कामातली जवळजवळ सगळी कोडी विल्यमच्या बायकोकडून सुटलेली आहेत. म्हणून सुरुवात विल्यमपासून करूच नका.

सुरुवात नातवापासून करा आणि एकेक पिढी मागे जा. न्यूझीलंडमध्ये युरोपीय लोकांच्या जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १८४८ पासून आहे, विवाहांची १८५० च्या दशकाच्या मध्यापासून. सरकारचं ऐतिहासिक नोंदींचं संकेतस्थळ आहे. तिथे शंभर वर्षांपूर्वीचे जन्म आणि ऐंशी वर्षांपूर्वीचे विवाह घरबसल्या शोधता येतात. शोध फुकट, नोंदीची प्रत मागवायची तर पैसे. प्रत मागवताना सुबक छापील दाखला घेऊ नका, मूळ नोंदीचा ‘प्रिंटआउट’ मागा. तो स्वस्त असतो आणि त्यात बहुधा जास्त मजकूर येतो.

खरा खजिना १८७६ पासूनच्या मृत्यूनोंदींत आहे. त्या वर्षापासून मृताच्या आईवडिलांची नावं, आईचं माहेरचं नाव, जन्माचं ठिकाण, न्यूझीलंडमध्ये किती वर्षं काढली, लग्न कुठे, कितव्या वर्षी आणि कुणाशी झालं, हयात मुलामुलींची वयं, हे सगळं लिहू लागले. म्हणजे विल्यम १८६५ ला गेला असेल आणि त्याची बायको १८८२ ला, तर तिची नोंद त्याच्या नोंदीपेक्षा कितीतरी जास्त बोलेल. विल्यमची भावंडं इथे आली असतील तर त्यांच्याही नोंदी मागवा. भावाच्या मृत्यूनोंदीतले आईवडील तेच विल्यमचे आईवडील. फक्त एवढं लक्षात ठेवा, की ही माहिती गेलेल्या माणसाने सांगितलेली नसते. मुलाने नाहीतर जावयाने सांगितलेली असते, तीही दुःखाच्या दिवसांत. सासूच्या आईचं माहेरचं नाव किती जावयांना ठाऊक असतं? एका नोंदीवर भिस्त ठेवू नका, भावंडांच्या दोन-तीन नोंदी शेजारी ठेवून बघा.

आता ‘पहिल्या जहाजा’कडे येऊ. तारानाकीत, म्हणजे न्यू प्लिमथच्या प्रांतात, ज्या घरात जावं तिथे आजोबा पहिल्याच जहाजाने आलेले असतात. त्यात कुणी खोटं बोलत नाही. पुढच्या पिढ्यांच्या तोंडी ‘पहिल्या जहाजांपैकी’ याचं ‘पहिल्या जहाजाने’ होऊन जातं. प्रत्यक्षात तिथे वसाहत वसवायला निघालेल्या प्लिमथ कंपनीने आणि तिला सामावून घेतलेल्या न्यूझीलंड कंपनीने सुरुवातीला सहा जहाजं पाठवली. ‘विल्यम ब्रायन’ नोव्हेंबर १८४० ला इंग्लंडच्या प्लिमथहून निघालं आणि ३१ मार्च १८४१ ला न्यू प्लिमथला माणसं उतरली. ‘अमेलिया थॉम्प्सन’ सप्टेंबर १८४१ ला आलं, ‘ओरिएंटल’ नोव्हेंबरात. ‘टिमांड्रा’ फेब्रुवारी १८४२ ला, ‘ब्लेनहाइम’ त्याच वर्षी नोव्हेंबरात आणि ‘एसेक्स’ जानेवारी १८४३ ला पोचलं. बंदर नव्हतंच. उघड्या किनाऱ्यावर लाटांमधून होडक्यांनी बायकापोरं आणि पेट्या उतरवल्या.

या तारखा मी पाठ म्हणून दाखवत नाही, त्यांचा उपयोग आहे. इंग्लंडची जनगणना ६ जून १८४१ ला झाली. विल्यमचं कुटुंब त्या रात्री डेव्हनमधल्या घरात नोंदलेलं सापडलं, तर ते पहिल्या दोन जहाजांत असूच शकत नाही, कारण ती दोन्ही तोवर समुद्रात किंवा पलीकडे पोचलेली होती. उलट गावात त्या नावाचं कुणीच नसेल तर पहिल्या जहाजाची शक्यता उघडी राहते. एवढ्यानेच सिद्ध मात्र होत नाही. या जनगणनेतली वयं जपून वाचा. पंधरा वर्षांवरच्या माणसांचं वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहायचं असा हुकूम होता, म्हणून ३४ वर्षांचा माणूस ३० चा दिसतो. कोण कुणाचं काय लागतं तेही त्यात लिहिलेलं नाही. एका छपराखालची बाई बायको असेल, बहीण असेल किंवा वहिनी.

फुकट प्रवास कुणाला मिळायचा, ते समजलं की कागद वाचणं सोपं जातं. न्यूझीलंड कंपनी ज्याच्या कल्पनेवर चालली त्या एडवर्ड गिबन वेकफील्डच्या योजनेचं सूत्र असं होतं, की वसाहतीतली जमीन चढ्या भावाने पैसेवाल्यांना विकायची आणि त्या पैशातून मजूर न्यायचे. मजूर म्हणजे शेतमजूर, सुतार, लोहार, गवंडी, आणि घरकाम करणाऱ्या मुली. विवाहित तरुण जोडप्यांना पसंती, वय साधारण चाळिशीच्या आत. त्यामुळे ४३ चा माणूस अर्जावर ३९ चा होतो, आणि जहाज सुटायच्या जेमतेम तीन आठवडे आधी लागलेली लग्नं नोंदवहीत जागोजागी दिसतात. अर्जासोबत ओळख पटवणारे दाखले लागत. न्यूझीलंड कंपनीचं हे सगळं दप्तर लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये सी.ओ. २०८ या क्रमांकाखाली आहे. फुकट प्रवासाच्या अर्जांच्या वह्यांत नाव, धंदा, राहण्याचं ठिकाण, नवराबायकोचं वय आणि मुलांची वयं येतात. क्यूला जायची गरज नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने या दप्तराच्या सूक्ष्मफिती ‘ट्रोव्ह’ या आपल्या संकेतस्थळावर खुल्या ठेवल्या आहेत. पानं चाळावी लागतात, नाव टाकून सरळ सापडत नाहीत, पण दोन-तीन संध्याकाळी घालवण्यासारखी ती जागा आहे.

त्या वहीत फक्त विल्यमची ओळ वाचून थांबू नका. वरच्या दहा आणि खालच्या दहा ओळी उतरवून घ्या. गावातून एकटा माणूस सहसा निघत नसे. मेव्हणा, चुलतभाऊ, एकाच मालकाकडे राबणारे दोघंतिघं मिळून नाव नोंदवत. विल्यमचं गाव लिहिलेलं नसेल आणि शेजारच्या ओळीतल्या सुताराचं असेल, तर मी आधी त्या सुताराच्या गावची नोंदवही उघडते.

यानंतर इंग्लंड. इथे वेळ लागतो आणि चुकाही इथेच होतात. सरकारी जन्म-विवाह-मृत्यू नोंद १ जुलै १८३७ ला सुरू झाली. त्यानंतर जन्मलेलं मूल असेल तर सरकारी सूचीत आईचं माहेरचं नाव शोधता येतं. त्याच्या मागे गेलं की पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या गावाच्या, नोंदवह्या. त्या १५३८ पासून ठेवायचा हुकूम होता, जुन्या किती टिकल्या हे गावागणिक वेगळं. तुमच्या कामाच्या दोन तारखा: १७५४ पासून विवाहाची नोंद ठरीव नमुन्यात येते, वधूवरांच्या सह्या किंवा फुल्या आणि साक्षीदारांची नावं असतात, १८१३ पासून बाप्तिस्म्याच्या छापील नमुन्यात बापाचा धंदा आणि राहण्याचं ठिकाण येतं. एकाच पॅरिशमधले दोन विल्यम वेगळे करायला हा धंद्याचा रकाना सोन्यासारखा आहे.

माझ्या हातून सुरुवातीच्या वर्षांत झालेली चूक सांगते. एका कुटुंबासाठी मी बाप्तिस्मा शोधला. नाव, बापाचं नाव, वर्ष, सगळं चपखल बसलं, आणि त्याच्या मागच्या तीन पिढ्या मी उभ्या केल्या. वर्षभराने त्याच पॅरिशच्या दफनाच्या नोंदी चाळताना ते मूल दीड वर्षाचं असताना गेलेलं सापडलं. न्यूझीलंडला आलेला माणूस त्याचा चुलतभाऊ होता, शेजारच्या पॅरिशमध्ये बाप्तिस्मा झालेला. त्या घरच्यांना तीन पिढ्या परत पुसायला सांगताना मला जे वाटलं ते अजून विसरलेले नाही. तेव्हापासून बाप्तिस्मा सापडला की मी आधी दफनाची वही उघडते. पुढच्या दहा वर्षांत तो मुलगा मातीत गेला नाही याची खात्री झाल्याशिवाय त्याला झाडावर चढवत नाही. आणि लहानपणी गेलेल्या मुलाचं नाव पुढच्या मुलाला देण्याची त्या लोकांत सर्रास रीत होती, म्हणून एकाच घरात दोन विल्यम दिसले तर गोंधळू नका.

डेव्हन आणि कॉर्नवॉलचं एक वेगळेपण आहे. तिथले कष्टकरी लोक मोठ्या संख्येने सरकारमान्य चर्चपासून वेगळ्या मेथडिस्ट आणि बायबल ख्रिश्चन पंथांत गेले होते. बायबल ख्रिश्चन पंथ तर १८१५ साली उत्तर डेव्हनमध्ये शेबियरलाच उगवला. अशा घरांतले बाप्तिस्मे पुष्कळदा पॅरिश चर्चच्या वहीत सापडत नाहीत आणि लोक हात टेकतात. या पंथांच्या पुष्कळ जुन्या वह्या १८३७ नंतर सरकारकडे जमा झाल्या, त्या क्यूला आर.जी. ४ या मालिकेत आहेत. लग्न मात्र १७५४ ते १८३७ या काळात क्वेकर आणि ज्यू सोडून सगळ्यांना पॅरिश चर्चमध्येच करावं लागे, त्यामुळे विवाह तिथे मिळतो. इथे न्यू प्लिमथला प्रिमिटिव्ह मेथडिस्टांचे रॉबर्ट वॉर्ड १८४४ साली आले. विल्यमची मुलं त्यांच्या प्रार्थनाघराच्या नोंदीत असतील तर मागेही मेथडिस्ट वह्या बघायच्या, हे आपोआप ठरतं.

मृत्युपत्रांसाठी डेव्हनमध्ये फार आशा ठेवू नका. मे १९४२ मध्ये एक्सेटरवर बाँबहल्ला झाला आणि तिथे ठेवलेली डेव्हनची मृत्युपत्रं जळून गेली. शेकडो वर्षांच्या घराण्यांचा तपशील एका रात्रीत गेला. कॉर्नवॉलची बरीच वाचली आहेत, ती रेडरुथला ‘क्रेसेन कर्नो’ या दप्तरखान्यात आहेत.

ज्यांनी काहीच मागे ठेवलं नाही अशा गरिबांची माहिती गरिबांच्या कायद्याने ठेवली आहे, आणि मला हे कागद सगळ्यांत जास्त आवडतात. १६६२ च्या कायद्याने प्रत्येक माणसाचं एक हक्काचं पॅरिश ठरायचं. मदत मागायला आलेला मजूर आपल्या पॅरिशचा नाही अशी शंका आली, की त्याला दंडाधिकाऱ्यापुढे उभं करून जबाब घेत: जन्म कुठे, कितव्या वर्षी कुणाकडे चाकरीला राहिला, लग्न कुठे केलं, घर भाड्याने घेतलं ते किती भाड्याचं. स्वतःच्या तोंडचं अख्खं आयुष्य अर्ध्या पानावर. असा एक जबाब मिळाला तर दहा नोंदवह्या एकीकडे आणि तो एकीकडे. १८३४ च्या नव्या कायद्यानंतर घरपोच मदत आवळली आणि वर्कहाउसची, म्हणजे मदतीच्या बदल्यात राबवून घेणाऱ्या गरीबखान्याची, भीती उभी राहिली. त्याच्या आधीच १८३० च्या हिवाळ्यात मळणीयंत्रं फोडणाऱ्या मजुरांचे दंगे दक्षिण इंग्लंडभर झाले होते. विल्यमने घर का सोडलं असेल, याचं उत्तर बहुतेक वेळा या दहा वर्षांत मिळतं. काही पॅरिशनी तर आपल्या गरिबांना परदेशी पाठवायला स्वतः पैसे दिले. ते ग्रामसभेच्या इतिवृत्तात कपडे, बूट आणि प्लिमथपर्यंतच्या गाडीभाड्यासकट लिहिलेलं सापडतं.

मागे राहिलेल्यांना विसरू नका. १८५१ च्या जनगणनेत अचूक वय, नातं आणि जन्माचं पॅरिश लिहिलेलं आहे. विल्यम तेव्हा तिथे नव्हता, पण त्याची म्हातारी आई किंवा थोरला भाऊ असेल. मुलगा गेला आणि दहा वर्षांनी आई गावातच ‘पॉपर’ म्हणजे पॅरिशच्या मदतीवर जगणारी म्हणून नोंदलेली दिसते, तेव्हा मला पुढचं पान उलटायला वेळ लागतो. मनीऑर्डर नव्हती, पत्राला जायला चार-पाच महिने लागत.

आता विल्यमच्या इथल्या आयुष्याकडे. ‘तारानाकी हेरल्ड’ ४ ऑगस्ट १८५२ ला सुरू झालं आणि ते ‘पेपर्स पास्ट’ या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतं. ज्यूरीच्या याद्यांत नाव, धंदा, राहण्याची जागा दरवर्षी मिळते. गाय हरवल्याची जाहिरात, मुलीचं लग्न, शेताचा लिलाव, सगळं आहे. मृत्यूनंतरचे लेख वाचताना ‘जुने वसाहतवाले’ हा शब्द शोधा. १८९१ साली वसाहतीला पन्नास वर्षं झाली, तेव्हाचे अंक मुद्दाम उघडा, कारण हयात म्हाताऱ्यांची विचारपूस तेव्हा झाली होती. १८५२ पूर्वीसाठी नेल्सन आणि वेलिंग्टनची वर्तमानपत्रं बघा. लंडनहून निघणाऱ्या ‘न्यूझीलंड जर्नल’मध्ये वसाहतवाल्यांची घरी लिहिलेली पत्रं छापत, फक्त ती अधिक लोक यावेत म्हणून निवडलेली असत. सगळं आबादीआबाद वाटेल, तेवढ्यावर जाऊ नका.

एक जागा अशी आहे की तिथे तारानाकीची बहुतेक कुटुंबं हरवतात. मार्च १८६० मध्ये वायताराच्या जमिनीवरून युद्ध पेटलं. शेतं सोडून माणसं गावात कोंडली, रोगराई झाली, आणि बायकामुलांना जहाजांनी नेल्सनला हलवलं. म्हणून १८६०–६१ चा जन्म किंवा एखाद्या तान्ह्याचं दफन न्यू प्लिमथला मिळालं नाही तर नेल्सनला शोधा. पुरुष मिलिशियात, म्हणजे नागरिकांच्या सैन्यदलात, होते. त्यांनी नंतर युद्धपदकासाठी केलेले अर्ज आर्काइव्हज न्यूझीलंडमध्ये आहेत, आणि त्यांत स्वतःच्या शब्दांत हकिगत लिहिलेली असते.

या युद्धामागची गोष्ट नातवाला सांगायला हवी, असं मला मनापासून वाटतं. घरात म्हणतात, विल्यमने ओसाड जंगल तोडून शेत काढलं. ती जमीन ओसाड नव्हती. ‘ते आतिआवा’ नावाच्या माओरी जमातीची ती भूमी. वायकाटो जमातींच्या स्वाऱ्यांमुळे त्यांतले बरेच जण दक्षिणेला गेले होते, काही पकडून नेले होते, आणि १८४० च्या दशकात ते परतत होते. त्यांच्या गैरहजेरीत कंपनीने मूठभर लोकांकडून व्यवहार करून घेतला. १८४४ साली जमिनीच्या दाव्यांचे आयुक्त स्पेन यांनी कंपनीला ६०,००० एकर दिले. गव्हर्नर फिट्झरॉय स्वतः आले, परतलेल्यांची बाजू ऐकली, तो निवाडा रद्द केला आणि ३,५०० एकरांचा नवा तुकडा विकत घेतला. कितीतरी वसाहतवाल्यांना तोडलेलं रान सोडून या तुकड्यात यावं लागलं. तुमच्या सूनबाईंच्या घरी ‘विल्यमने दोनदा शेत काढलं’ अशी काही आठवण असेल, तर तिचं मूळ इथे असू शकतं. जमिनीचे दस्त बघताना १८६३ नंतरची तारीख दिसली, तर ती जमीन माओरींकडून जप्त केलेल्यांपैकी आहे का, हेही तपासा. शाळेत नातवाच्या शेजारी बसणाऱ्या मुलाची वंशावळ कदाचित त्याच दस्ताच्या दुसऱ्या बाजूला असेल.

बायकांसाठी अजून एक सांगते. १९ सप्टेंबर १८९३ ला न्यूझीलंडने बायकांना मताचा हक्क दिला, त्याआधी त्यांनी दिलेल्या मोठ्या अर्जावरच्या वीस हजारांहून जास्त सह्या जपलेल्या आहेत आणि नावाने शोधता येतात. विल्यमच्या लेकीसुनांपैकी एखादीचं हस्ताक्षर तिथे निघालं, तर नातवाला तेच आधी दाखवा.

डीएनएबद्दल तुम्ही विचारलं आहे. करायचीच तर नातवाची करू नका. सुनेच्या घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाची करा, म्हणजे विल्यमपासूनचं अंतर दोन-तीन पिढ्यांनी कमी होईल. अनोळखी नातलग आणि झाकलेल्या गोष्टी त्यातून बाहेर येऊ शकतात, हे त्यांना आधी नीट समजावून सांगा. कागद थकल्यावरच त्याकडे वळा.

तोपर्यंत नातवाने जहाजाचं नाव सांगू नये, ‘माझे पूर्वज डेव्हनहून समुद्रमार्गे आले’ एवढं म्हणावं. ते आजच्या घडीला खरं आहे. या आठवड्यात विल्यमच्या बायकोच्या आणि सगळ्यांत धाकट्या मुलाच्या मृत्यूनोंदीचे प्रिंटआउट मागवायला सांगा. चर्चच्या आवारातल्या विल्यमच्या थडग्याच्या शिळेचे फोटो सकाळच्या तिरप्या उन्हात काढायला सांगा, झिजलेली अक्षरं तेव्हाच उठून दिसतात. चारही बाजूंनी काढावेत, आणि डाव्या-उजव्या दोन-दोन शिळांचेही. मेव्हणा बहुतेक तिथेच झोपलेला असतो.